जवळचा सोबती, दूरचा वाटेकरी

वाडन समुद्र नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावर सुरू होतो आणि जर्मनीचा किनारा धरून डेन्मार्कपर्यंत जातो. लांबी सुमारे 500 किलोमीटर. समुद्र म्हणायचा, पण दिवसातून दोनदा त्याचा मोठा भाग उघडा पडतो आणि नजर जाईल तिथवर चिखल आणि वाळू दिसते. अशा उघड्या चिखलाची विमानातून घेतलेली छायाचित्रं पाहिली, तर काही ठिकाणी काळसर पट्टे दिसतात. काळा पट्टा, मोकळा चिखल, पुन्हा काळा पट्टा. दोन पट्ट्यांमधलं अंतर काही मीटरचं आणि बरंचसं सारखं, दिशा भरतीच्या प्रवाहाला आडवी. कोणीतरी आखून लावल्यासारखे ते वाटतात, पण त्यांना कोणीही लावलेलं नसतं. ते निळ्या शिंपल्यांचे ताटवे असतात. शास्त्रीय नाव मायटिलस एड्युलिस. हे ताटवे कोण आखतं, या एका प्रश्नाभोवती हे पुस्तक फिरतं.

पुस्तकभर 'शिंपले' म्हटलं आहे ते याच कुळाला: लांबट, एका टोकाला निमुळते, दोन झडपांचे. त्यांच्या हिरव्या भावंडांना गोव्यात शिनाणे म्हणतात. तिसऱ्या, मुळे, खुबे वाळूत पुरून राहतात, त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही.

हा प्राणी धाग्यांवर जगतो. कवचाच्या फटीतून जिभेसारखा मांसल पाय बाहेर येतो, जागा चाचपतो, पायाच्या खाचेत प्रथिन ओतलं जातं आणि काही मिनिटांत एक धागा तयार होतो. धाग्याच्या टोकाला बारीक चकती असते. ती दगडाला, लाकडाला, दुसऱ्या शिंपल्याच्या कवचाला चिकटते, तीही खाऱ्या पाण्यात, जिथे आपले बहुतेक गोंद निकामी ठरतात. या चिकटपणात डोपा नावाच्या अमिनो आम्लाचा मोठा हात आहे, हे हर्बर्ट वेट या अमेरिकन संशोधकाच्या 1980 च्या दशकातल्या कामातून पुढे आलं, आणि जखमा सांधणाऱ्या गोंदाच्या शोधात आजही अनेक प्रयोगशाळा त्या धाग्याच्या मागे आहेत. ती गोष्ट स्वतंत्र पुस्तकाची आहे. आपल्याला इतकंच हवं आहे की शिंपला जुने धागे सोडू शकतो, नवे टाकू शकतो आणि या सोडण्या-टाकण्यातून, विशेषतः लहान वयात, थोडंथोडं सरकू शकतो. तो एकदा चिकटला की कायमचा, ही समजूत खरी नाही.

आता चिखलावरच्या शिंपल्याची अडचण पाहा. खडकावर राहणाऱ्याला पायाखाली खडक असतो. चिखलावर धरून ठेवायला घट्ट असं काहीच नसतं, शेजारच्या शिंपल्याखेरीज. म्हणून तो शेजाऱ्याला बांधून घेतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि असं करत धाग्यांचं एक जाळं तयार होतं. लाट आली की एकटा असलेला वाहून जातो, जाळ्यातला तग धरतो. खेकडे आणि पक्षी घोळक्याच्या कडेवर ताव मारतात, मधल्यांपर्यंत पोचणं त्यांना जड जातं. या साऱ्यात कोणी कोणावर उपकार करत नाही. प्रत्येक जण स्वतःसाठी धागा टाकतो आणि तोच धागा दुसऱ्याच्या कामी येतो. जीवशास्त्रज्ञ याला सहकार्य म्हणतात. त्यात हेतू शोधायचा नाही, ही सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण पुढे हा शब्द वारंवार येईल.

हाच शेजारी खातोही. प्रौढ शिंपला तासाला साधारण 2 ते 5 लिटर पाणी कल्ल्यांमधून गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शैवाल टिपतो. एकट्याचा आकडा फार वाटत नाही, पण ताटव्यात चौरस मीटरला हजारावारी शिंपले असू शकतात. पाणी ताटव्यावरून वाहत जातं तसं तळालगतचं शैवाल कमी होत जातं. पंगतीत वाढपी एका टोकाकडून निघाला आणि भांड्यात आमटी बेताचीच असली, की शेवटच्या पानांवर जे होतं तेच इथे होतं. फरक एवढाच की इथे भांडं वाटेत पुन्हा भरू शकतं: जिथे शिंपले नसतात त्या मोकळ्या चिखलावरून जाताना वरच्या थरातलं शैवालाने भरलेलं पाणी खाली मिसळतं आणि तळाचा साठा सुधारतो. त्यामुळे दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा वाया गेलेली नसते. पुढच्या पट्ट्याचं जेवण तिथे तयार होतं.

योहान व्हान डे कॉपेल, मॅक्स रीटकर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 'अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकात एवढीच सामग्री घेऊन एक गणिती प्रतिमान मांडलं. त्यात पात्रं दोन, शैवाल आणि शिंपले. तळाच्या पाण्यात शैवाल किती उरेल हे तीन गोष्टींवर ठरतं: वरून किती उतरलं, प्रवाहानं किती पुढे नेलं, शिंपल्यांनी किती खाल्लं. शिंपले किती उरतील हे मिळालेल्या अन्नावर आणि वाहून जाणाऱ्यांच्या संख्येवर, आणि दाटी वाढली की वाहून जाणारे घटतात. ही दोन समीकरणं संगणकावर चालू दिली, सुरुवातीला शिंपले जवळजवळ सारखे पसरून ठेवले, की थोड्या वेळानं प्रवाहाला आडवे पट्टे उमटतात.

हे सगळं प्रतिमानातल्या चिखलावर घडतं आणि तो चिखल अगदी सपाट असतो. पट्ट्यांचं सोपं उत्तर जमिनीत शोधता आलं असतं: खाली वाळूच्या वळ्या असतील, शिंपले उंचवट्यावर टिकले असतील, खोलगटात मेले असतील. असं कुठे घडतही असेल. पण त्याशिवायही नक्षी उमटू शकते हे या प्रतिमानानं दाखवलं. आणि आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला त्याहून मोलाची वाटते. नुसतं सहकार्य ठेवलं तर सगळे एका गठ्ठ्यात जमतील. नुसती स्पर्धा ठेवली तर जो तो दुसऱ्यापासून जमेल तितका लांब राहील आणि पसारा एकसारखा होईल. पट्टे उमटायला दोन्ही लागतात, शिवाय दोघांचा पल्ला वेगळा असावा लागतो. सहकार्य हाताच्या अंतरावर चालतं, स्पर्धा कित्येक मीटरवर. तोच शेजारी जवळून आधार देतो आणि लांबून घास पळवतो.

ही कल्पना शिंपल्यांसाठी जन्मली नव्हती. अॅलन ट्युरिंगनं 1952 मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षं आधी, गर्भाच्या वाढीवर एक निबंध लिहिला. दोन रसायनं वेगवेगळ्या वेगानं पसरत असतील आणि एकमेकांवर परिणाम करत असतील, तर एकसारख्या द्रवातून ठिपके आणि पट्टे आपोआप निघू शकतात, असं त्यानं गणितानं दाखवलं. पुढे 1972 मध्ये आल्फ्रेड गीरर आणि हान्स माइनहार्ट या जर्मन संशोधकांनी त्याला सुटसुटीत रूप दिलं: जवळच्या टापूत उत्तेजन, लांबच्या टापूत दमन. प्राण्यांच्या कातडीवरच्या ठिपक्यांच्या चर्चेत हे सूत्र सतत येतं. परिसरशास्त्रात ते प्रथम रुजलं ते वाळवंटी झुडपांच्या पट्ट्यांत. सोमालियातल्या कमानदार पट्ट्यांची नोंद मॅकफॅडिननं 1950 मध्येच केली होती. झुडपं जवळ पाणी मुरवतात आणि लांबचं पाणी ओढून घेतात, हा हिशोब पुष्कळ नंतर मांडला गेला. शिंपले त्या रांगेत उशिरा आले. पण आले ते एक मोठी सोय घेऊन: झुडपांचा पट्टा तयार व्हायला दशकं लागतात, शिंपल्यांची नक्षी प्रयोगशाळेतल्या ट्रेमध्ये एका दिवसात तयार होते.

ती सोय 2008 मध्ये कामी आली. व्हान डे कॉपेल यांच्याच गटानं शिंपले एका सपाट पृष्ठभागावर सारख्या अंतरानं ठेवले आणि वरून छायाचित्रं घेत राहिले. 24 तासांच्या आत शिंपल्यांनी एकमेकांना जोडणाऱ्या ओळींचं जाळं तयार केलं, मधे मोकळे कप्पे. हे सेंटिमीटरचं प्रमाण होतं, वाडनमधल्या मीटरच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी लहान. प्रत्येक शिंपल्याच्या हालचाली मोजल्यावर नियम सापडला: अगदी जवळ शेजारी असतील तर शिंपला हळू होतो, थांबतो. जरा लांबच्या टापूत गर्दी वाढली तर उलट जास्त हलतो. जवळ कोणी नसेल तरी हलतो, कोणी सापडेपर्यंत. हा नियम पाळणारे ठिपके संगणकात सोडले की तेच जाळं उमटलं. पाहणाऱ्याला वाटतं की शिंपल्यांना नक्षी काढायची आहे. प्रत्यक्षात कोणालाही स्वतःच्या वितीपलीकडचं काही ठाऊक नसतं.

इथपर्यंतची गोष्ट फार व्यवस्थित आहे आणि बहुतेक लेखांत ती इथेच थांबते. मला पुढचा भाग जास्त आवडतो, कारण तिथे गडबड सुरू होते.

पहिली गडबड चालण्याच्या पद्धतीवरून झाली. मोनिक डी यागर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलं की तरुण शिंपल्याची चाल लेव्ही चालीसारखी आहे: पुष्कळ आखूड पावलं आणि अधूनमधून एक अचानक लांब पल्ला. अशा चालीनं घोळके लवकर जमतात, म्हणून उत्क्रांतीत ती टिकली असावी, असा त्यांचा युक्तिवाद. पुढच्याच वर्षी व्हिन्सेंट यान्सेन आणि इतरांनी तीच आकडेवारी घेऊन हरकत काढली: साध्या यादृच्छिक चाली दोन-तीन प्रकारच्या मिसळल्या तरी हाच आलेख निघतो, किंबहुना जास्त चांगला जुळतो. वाद चालू राहिला. पुढे डी यागर यांच्याच गटानं दाखवलं की गर्दीत लांब पल्ले आपोआप तुटतात, कारण शिंपला वाटेत दुसऱ्याला अडकतो. म्हणजे चाल काही अंशी चालणाऱ्याची आणि काही अंशी गर्दीची. या वादाला पुस्तकात एक अख्खं प्रकरण दिलं आहे. विषयाच्या मानानं ते लांबलं असेल. पण एकाच आलेखातून दोन यंत्रणा कशा निघतात हे त्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही.

दुसरी गडबड अधिक खोल होती आणि ती त्याच गटानं स्वतःच्या कामावर घातली. ल्यू च्वान-शिंग, व्हान डे कॉपेल आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये म्हटलं की सेंटिमीटरच्या जाळ्याचं ट्युरिंग पद्धतीचं स्पष्टीकरण नीट बसत नाही. ट्युरिंगच्या धाटणीत वाढ आणि घट लागते, काहीतरी जन्मावं आणि काहीतरी नष्ट व्हावं लागतं. ट्रेमध्ये 24 तासांत शिंपले जन्मत नाहीत आणि फारसे मरतही नाहीत. ते फक्त सरकतात. मग ही नक्षी नुसत्या सरकण्याची आहे. तिचं गणित त्यांना धातुशास्त्रात मिळालं. जॉन कान आणि जॉन हिलियर्ड यांनी 1958 मध्ये मिश्रधातू थंड होताना त्यातले घटक कसे वेगळे होतात याचं समीकरण मांडलं होतं. ते समीकरण शिंपल्यांच्या वेगाला लागू पडलं, कारण वेग दाटीवर अवलंबून आहे: विरळीत जास्त, मध्यम दाटीत कमी, फार दाटीत पुन्हा जास्त. मिश्रधातूतले ठिपके कालांतरानं एकमेकांत विलीन होऊन मोठे होतात. शिंपल्यांचे घोळकेही सुरुवातीला त्याच गतीनं मोठे होताना दिसले.

म्हणजे एकाच ताटव्यात दोन नक्षी आहेत, दोन वेगळ्या कारणांनी. सेंटिमीटरची नक्षी वागण्यातून येते आणि एका दिवसात होते. मीटरची नक्षी खाण्या-मरण्यातून येते आणि तिला महिने लागतात. दोन्हीकडे जवळची मदत आणि लांबची स्पर्धा हाच आराखडा आहे, पण एकीचं गणित दुसरीला लावता येत नाही. ट्युरिंगचं नाव हल्ली ठिपके दिसले की घेतलं जातं. त्या सवयीवर हा चांगला उतारा आहे.

मीटरच्या पट्ट्यांवरही प्रश्न उरले होतेच. पहिल्या प्रतिमानात प्रवाह एकाच दिशेनं वाहतो. वाडनमध्ये तो दिवसातून चार वेळा उलटतो. नंतरच्या गणितज्ञांनी भरती-ओहोटी प्रतिमानात घातली तेव्हा कुठे हिशोब किनाऱ्याच्या जवळ आला. दुसरी अडचण अशी की पट्टे काढणारी यंत्रणा एकच असेल असं नाही. शिंपला जे गाळतो त्यातलं नको ते चिकट द्रवात गुंडाळून खाली टाकतो. ताटव्याखाली असा मऊ गाळ साचत जातो, ताटवा उंचावतो, आणि उंचावरच्या शिंपल्यांना वरच्या थरातलं अन्न अधिक मिळतं. नुसत्या या गाळाच्या हिशोबानंही पट्टे उमटतात, हे 2012 मध्ये दाखवलं गेलं. छायाचित्रात दोन्ही पट्टे सारखेच दिसतील. पण वादळानंतर ताटवा सावरेल की नाही, अन्न कमी झालं तर काय होईल, याची उत्तरं दोन प्रतिमानं वेगवेगळी देतात. नक्षी पाहून यंत्रणा ओळखता येत नाही. ती ओळखायची तर चिखलात उतरून ताटवा हातानं रचावा लागतो, मोडावा लागतो आणि पुढे काय होतं ते मोजावं लागतं.

हेलेन डी पाओली आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी भरती-ओहोटीच्या चिखलावर शिंपले स्वतः मांडले: कुठे लहान घोळके करून, कुठे मोठे पट्टे करून, कुठे दोन्ही, कुठे काहीच नाही, नुसते पसरून. नक्षीत मांडलेले ताटवे विस्कळीत ताटव्यांपेक्षा जास्त टिकले. लाटांविरुद्ध निर्णायक ठरले ते लहान घोळके. मोठ्या पट्ट्यांचं काम निराळं निघालं: शिंपले उखडले गेले तर पट्ट्यांमुळे लहान घोळके पुन्हा जमणं सोपं जातं. म्हणजे सेंटिमीटरची नक्षी आघात झेलते, मीटरची नक्षी तिला पुन्हा उभं राहायला मदत करते. प्रतिमानांच्या या सगळ्या रांगेत मी सर्वांत जास्त भरवसा याच कामावर ठेवतो. त्यात शिंपले खरे होते, लाटाही.

वाडनमध्ये हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. 1990 च्या आसपास डच वाडनमधले भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले शिंपल्यांचे ताटवे जवळजवळ नाहीसे झाले. यांत्रिक मासेमारी आणि नव्या पिल्लांची लागोपाठची वाईट वर्षं, दोन्ही एकत्र आली. त्यावर जगणाऱ्या शिंपलेखाऊ पक्ष्यांची, विशेषतः आयडर बदकांची आणि ऑयस्टरकॅचरची, उपासमार झाली. ताटवे पुन्हा लावायचे प्रयत्न झाले, पण बरेच टिकले नाहीत. शिंपले आणून टाकले म्हणजे ताटवा होतो असं नाही, हे त्यातून कळलं. वाडनचा डच आणि जर्मन भाग 2009 मध्ये जागतिक वारसा स्थळ झाला, डेन्मार्कचा भाग 2014 मध्ये.

याच संदर्भात नक्षीकडे पाहण्याची एक मोठी दिशा उलटली. 2004 मध्ये रीटकर्क आणि सहकाऱ्यांनी लिहिलं होतं की ठिपके आणि पट्टे दिसू लागणं ही परिसंस्था कड्याच्या टोकाला आल्याची खूण असू शकते. अनेकांनी ते उचललं, धोक्याची सूचना म्हणून. 2021 मध्ये रीटकर्क यांच्याच गटानं दुसरी बाजू मांडली: नक्षी धारण करून परिसंस्था कोसळणं टाळते, एकदम ढासळण्याऐवजी आपला आकार हळूहळू बदलत जाते. दोन्ही लेख 'सायन्स'मध्ये आले. एकाच माणसानं सतरा वर्षांनी स्वतःच्याच वाक्याची दुसरी बाजू लिहावी, हे शास्त्रात फार वेळा पाहायला मिळत नाही.

खडकाळ किनाऱ्यावर मात्र हे पट्टे शोधू नका. तिथली गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे आणि ती आधी सांगितली गेली. रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1963 पासून वॉशिंग्टन राज्यातल्या मक्वॉ उपसागराच्या खडकांवरून पिसास्टर जातीचे तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. तारामासा शिंपले खातो. तो नाहीसा झाल्यावर कॅलिफोर्निया शिंपल्यांनी खडक काबीज केला आणि बाकीच्यांना हुसकावलं: 1966 च्या त्याच्या लेखानुसार 15 जातींच्या 8 झाल्या. 'कळीची प्रजाती' ही कल्पना या कामातून आली. तिथे शिंपला सरळसरळ जागेसाठी लढणारा आहे आणि जिंकणारा आहे. पण तिथेही त्याच शिंपल्यांच्या गर्दीच्या आत, कवचांच्या मधल्या ओलसर फटींत, शेकडो जाती राहतात ज्यांना उघड्या खडकावर एक ओहोटी निभावणं कठीण. खडकाचा पृष्ठभाग मोजला तर शिंपला इतरांना संपवतो, फटी मोजल्या तर त्यांना जागा देतो. त्या गर्दीत लाटा मोठमोठ्या फटी पाडतात, आणि फटी भरत जाण्याचं चक्र पेन यांनी सायमन लेव्हिन या गणितज्ञासोबत 1981 मध्ये मांडलं. सहकार्याचा शेवट कधी तोट्यात होतो, हेही तिथे दिसतं: दाटी फार झाली की मधले शिंपले वर ढकलले जातात, त्यांचे धागे खडकाला न पोचता एकमेकांनाच बांधलेले राहतात, आणि हिवाळ्यातल्या एका मोठ्या लाटेला अख्खा ढीग एकदम सुटून येतो.

मदत की स्पर्धा, हा वाद माणसांनी एकोणिसाव्या शतकापासून निसर्गावर लादला आहे. 'बळकटाचाच टिकाव' ही हर्बर्ट स्पेन्सरची 1864 ची शब्दयोजना. तिच्या विरोधात पीटर क्रोपोटकिननं 1902 मध्ये परस्पर मदतीवर पुस्तक लिहिलं, सायबेरियात पाहिलेल्या प्राण्यांच्या आधारावर. दोघांनी राजकारणाला उदाहरणं पुरवली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिसरशास्त्र स्पर्धा आणि भक्षण यांच्यावर इतकं वेडावलं होतं की मार्क बर्टनेस आणि रेगन कॅलवे यांना 1994 मध्ये मुद्दाम आठवण करून द्यावी लागली: परिस्थिती खडतर असेल तिथे शेजारी असणं फायद्याचं ठरतं. माझ्या मते दोन्ही बाजूंनी प्रश्नातून एक राशी गाळली होती: अंतर. मदत किती लांबून पोचते, तोटा किती लांबून, हे विचारलं असतं तर वादाचा बराच भाग उरला नसता.

उत्क्रांतीचा प्रश्न मात्र अंतरानंही सुटत नाही. धागा काढायला प्रथिन लागतं, ते फुकट येत नाही. ज्या शिंपल्यानं कमी धागे टाकले आणि शेजाऱ्यांच्या धाग्यांवर भागवलं, तो जास्त वाढेल, जास्त अंडी टाकेल. मग धागे टाकणारे टिकले कसे? डी यागर, वायसिंग आणि व्हान डे कॉपेल यांनी 2017 मध्ये याच प्रश्नावर प्रतिमान लिहिलं आणि सहकार्य किती विकसित होईल यात नक्षीचाही हात असतो, असं दाखवलं. कोण कोणाच्या शेजारी येतो हे नक्षी ठरवते, आणि नक्षी कशी उमटेल हे सहकार्यावर ठरतं. दोन्ही एकमेकांना घडवत राहतात. पण शिंपल्याच्या अळ्या काही आठवडे पाण्यात तरंगत कुठल्या कुठे जातात, त्यामुळे शेजारी सहसा भाऊबंद नसतो. नातेवाइकांना मदत म्हणून सहकार्य, हे मुंग्यांना लागू पडणारं उत्तर इथे चालत नाही.

आपल्या किनाऱ्यावर हिरवा शिंपला, पेर्ना विरिडिस, खडकांवर राहतो. वाडनसारखे मऊ चिखलावरचे पट्टे इथे शोधून निराशा होईल. पण दाटीचा हिशोब केरळातल्या कासरगोड भागातल्या शिंपलाशेतीत रोज मांडला जातो. खाडीत दोऱ्या टांगून हिरवे शिंपले वाढवतात. आधी पिल्लं दोरीभोवती सुती जाळीत गुंडाळतात. काही दिवसांत पिल्लं धाग्यांनी दोरी धरतात, जाळी कुजून गळून पडते. पुढे दोरी भरते, आणि फार भरली की शिंपल्यांना अन्न कमी पडतं, वजनानं घोस निसटतात. एका दोरीवर किती पिल्लं गुंडाळायची आणि दोन दोऱ्यांत किती जागा सोडायची, हा शेतकऱ्याचा निर्णय असतो. वाडनमध्ये तो पाण्यानं आणि शिंपल्यांनी मिळून घेतलेला असतो.

गणित ज्यांना नको त्यांनी तिसरं आणि पाचवं प्रकरण सोडून वाचलं तरी चालेल. आकृत्या मात्र सोडू नका, विशेषतः सहाव्या प्रकरणातल्या. तिथे एक नवा शेजारी येतो. पॅसिफिक कालव युरोपात शेतीसाठी आणलं गेलं आणि तिथून सुटून वाडनच्या ताटव्यांत पसरलं. ते धागे टाकत नाही. आपलं कवचच दुसऱ्या कवचाला सिमेंटनं डकवतं आणि तिथून हलत नाही. अनेक जुने ताटवे आता कालवांचे आणि शिंपल्यांचे मिळून झाले आहेत. कालवांच्या खालच्या फटींत शिरलेला शिंपला पक्ष्यांपासून आणि खेकड्यांपासून जास्त वाचतो, पण तिथे त्याला अन्न कमी मिळतं आणि तो हळू वाढतो. 2005 च्या प्रतिमानात असा शेजारी नव्हता. सरकू न शकणारं पात्र समीकरणात घातलं तर पट्टे उमटतात का, आणि उमटले तर ते शिंपल्यांचे की कालवांचे, हे सहाव्या प्रकरणात तपासलं आहे.